भंगारातून परतलेले टेलिप्रिंटर

टेलिप्रिंटर म्हणजे दूरवर टाइप केलेला मजकूर तारेवरून घेऊन आपोआप छापणारे यंत्र. गोदामात धूळ खात पडलेला असा टेलिप्रिंटर कुणी घरी आणतो, महिनोन्‌महिने खपून साफ करतो आणि अखेर तो खडखडत पहिली ओळ छापतो. हा अलीकडचा छंद वाटतो. पण ही यंत्रे वाचवायला ज्यांनी सुरुवात केली त्यांना जुन्या वस्तूंची हौस नव्हती. त्यांना ती वापरायची होती.

आधी यंत्राविषयी. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये प्रत्येक अक्षरासाठी पाच खुणांची सांकेतिक लिपी आणली. 'बॉड' हे खुणा पाठवण्याच्या वेगाचे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे, १९०१ च्या सुमारास, न्यूझीलंडच्या डोनल्ड मरे यांनी ती टाइपरायटरच्या कळफलकासाठी नव्याने मांडली. वारंवार येणाऱ्या अक्षरांना त्यांनी कागदी पट्टीवर कमीत कमी छिद्रे दिली, म्हणजे यंत्राची झीज कमी होईल. मग शिकागोतील क्रम पितापुत्रांनी प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची आणि शेवटी थांबण्याची खूण जोडली. दोन टोकांची यंत्रे आता एका अक्षरापुरतीच एकमेकांशी जुळून राहिली तरी पुरत होते. जुने यंत्र आजही चालू होऊ शकते, याचे मोठे श्रेय मी या साध्या युक्तीला देतो. संदेश घेणाऱ्या भागात विजेचे काम जवळजवळ एका चुंबकापुरते असते, बाकी सारे कॅम, क्लच, लिव्हर आणि स्प्रिंगा. आस हाताने फिरवला की बिघाड डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर निकामी ठरलेली यंत्रे हौशी रेडिओवाल्यांनी घेतली आणि ती रेडिओला जोडून एकमेकांना मजकूर पाठवू लागले. त्यांच्यातच अमेरिकेतील रॉबर्ट वाइटब्रेख्ट होते. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि जन्मापासून कर्णबधिर. दूरध्वनीचा शोध लागून जवळपास नव्वद वर्षे झाली होती, तरी कर्णबधिरांना तो निरुपयोगीच होता. १९६४ मध्ये वाइटब्रेख्ट यांनी टेलिप्रिंटरचे ठोके स्वरांत बदलून फोनच्या रिसीव्हरमधून पाठवणारे उपकरण बनवले. जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स हे दोघे कर्णबधिर सहकारी त्यांच्या सोबत होते.

उपकरण तर झाले, पण टेलिप्रिंटर आणायचे कुठून? १९६८ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने सेवेतून काढलेली यंत्रे द्यायचे मान्य केले. मग स्वयंसेवक ती अवजड धुडे गॅरेजमध्ये आणि तळघरांत नेऊन दुरुस्त करू लागले. टेलिप्रिंटर वाचवण्याच्या साऱ्या इतिहासात मला हे पर्व सर्वांत मोलाचे वाटते. इथे दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र म्हणजे एखाद्या घरातला पहिला खरा फोन होता.

संगणकवाल्यांनाही टेलिप्रिंटर हवा होता. टेलिटाइप कंपनीचे १९६३ चे मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी आणि कागदी पट्टीवर छिद्रेही पाडी. छोट्या संगणकांना तेच कळफलक, छपाईयंत्र आणि साठवण म्हणून पुरे. युनिक्स या संगणक प्रणालीतले 'टीटीवाय' हे टेलिटाइपचे लघुरूप तिथलेच.

आज दुरुस्तीला बसणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे वाळून राळेसारखे घट्ट झालेले ग्रीस. ते विरघळवल्याशिवाय मोटर चालू करू नये, नाहीतर अडकलेला भाग मोडतो. मॉडेल ३३ च्या छपाईच्या हातोडीवरचे रबर कालांतराने चिकट लगदा होते, ते बदलावेच लागते. वेगाचेही जपावे लागते. पाच खुणांच्या लिपीची अमेरिकी यंत्रे बहुधा ४५.४५ बॉडची, युरोपातली ५० ची. वीजपुरवठ्याच्या वारंवारतेवर चालणारी ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर लावली तर सहा भागांतला एक भाग वेग जातो आणि अक्षरे चुकतात. गव्हर्नर, म्हणजे वेग स्थिर राखणारी कळ, असलेल्या मोटरीसाठी मात्र खास नादकाटा (ठोकल्यावर ठरावीक वेगाने कंप पावणारा चिमटा) मिळे. त्याच्या फटीतून फिरत्या चाकावरचे पट्टे स्थिर दिसले की वेग बरोबर.

यंत्रे अजूनही अनपेक्षित जागी सापडतात. २०१६ मध्ये ब्लेचली पार्क, म्हणजे युद्धकाळात ब्रिटिशांनी जर्मन सांकेतिक संदेश उलगडले त्या ठिकाणाच्या आवारातील नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगच्या स्वयंसेवकांना युद्धकाळातील जर्मन लॉरेंझ टेलिप्रिंटर ईबेवर दिसला. इंग्लंडमधील साउथएंड येथे एका शेडमध्ये तो पडून होता. किंमत साडेनऊ पौंड.

जर्मनीत हौशी मंडळींनी आय-टेलेक्स नावाचे जाळे उभारले आहे. जुने टेलेक्स यंत्र, म्हणजे फोनसारखा क्रमांक फिरवून जोडला जाणारा टेलिप्रिंटर, त्याला जोडले की इंटरनेटवरून दुसऱ्याच्या यंत्राचा क्रमांक फिरवता येतो, आणि पलीकडची मोटर आपोआप सुरू होते.