ग्राफीनची ‘सुरी’ आणि पेशीपटल : एका वादाची पार्श्वभूमी

ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा, पेन्सिलीच्या शिशातल्या कार्बनचा, एका अणूइतका जाड सुटा थर; त्याला ऑक्सिजन जोडलेला ग्राफीन ऑक्साइड हा ग्राफीनपेक्षा वयाने मोठा. ग्रॅफाइटचे ऑक्सिडीकरण १८५९ मध्येच झाले होते, आणि गंधकाम्ल व पोटॅशियम परमँगनेट वापरण्याची रीत, जिच्या सुधारित आवृत्त्या आजही प्रयोगशाळांत चालतात, १९५८ची आहे. चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक थर सुटा करून ग्राफीन मिळवण्याची २००४ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पेशीपटलापाशी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणापाशी, हे पदार्थ नेमके काय करतात, ते फाडतात की निरुपद्रवी राहतात, या प्रश्नाला जोर आला तो २०१० पासून.

त्या वर्षी स्टीलच्या पत्र्यावर जवळजवळ उभ्या रोवलेल्या ग्राफीनच्या पापुद्र्यांवर जिवाणू ठेवून पाहिले गेले. त्यांची आवरणे फाटली आणि आतला ऐवज बाहेर झिरपला. इथून ‘सुरी’ची उपमा रूढ झाली. २०११ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींची पाळी आली. ही चाचणी डोळ्यांना दिसणारी आहे : नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की शाबूत पेशी तळाला बसतात आणि वरचे पाणी नितळ राहते, पेशी फुटल्या असतील तर तेच पाणी लाल होते. ग्राफीन ऑक्साइडचे बारीक तुकडे जास्त पेशी फोडत होते, आणि त्यांना कायटोसॅनचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) लेप दिला की पाणी जवळपास नितळ राहत होते. रक्तद्रवातली प्रथिने पृष्ठभागावर बसली तरी घातकता उतरते, हेही त्याच वर्षी दिसले. मग २०१३ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. एक, पापुद्रा आत शिरतो तो बहुधा कोपऱ्यातून किंवा कडेच्या दातेरी टोकातून. दुसरी, ग्राफीन पटलातले फॉस्फोलिपिड रेणू, म्हणजे पटल ज्यांचे बनते ते स्निग्ध रेणू, आपल्या अंगावर ओढून घेते. संगणकावरील प्रतिकृतीत हे रेणू एकामागून एक निसटताना दिसतात. तेव्हा नुसते ‘कापणे’ अपुरे पडते. उपसून काढणेही त्यात आहे.

पण याच काळात, २०११ मध्ये, ग्राफीन ऑक्साइडवर जिवाणू उलट जोमाने वाढल्याचेही प्रसिद्ध झाले. दोन्ही निष्कर्ष खरे कसे? माझ्या मते या साऱ्या वादाची गाठ ‘ग्राफीन’ या एका शब्दात आहे. त्याखाली एकपदरी शुद्ध कार्बन येतो, ऑक्सिजनने लदलेला आणि पाण्यात सहज पसरणारा ऑक्साइड येतो, ऑक्सिजन काढून घेतलेला त्याचा अवतार येतो, आणि दहा-वीस थरांचे ग्रॅफाइटचे कपचेही येतात. पटलाच्या दृष्टीने हे चार वेगळे पाहुणे आहेत. शिवाय धुण्याचा प्रश्न. ऑक्साइड धुता धुता आम्ल उतरत जाते, तसा तो जेलसारखा फुगतो आणि पुढे धुणे जिकिरीचे होते. नीट शुद्ध केलेल्या नमुन्यात जिवाणू मारण्याचा गुणच उरत नाही, अर्धवट धुतलेल्यात मात्र दिसतो, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. म्हणजे काही प्रयोगांत पापुद्र्याच्या धारेला मिळालेले श्रेय उरलेल्या आम्लाचे असू शकते. हा इशारा मिळायला हवा होता तितका ऐकला गेला नाही, याची खंत वाटते.

थरांची संख्या, पापुद्र्याची लांबी-रुंदी आणि कार्बन-ऑक्सिजनचे प्रमाण या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पदार्थाला नाव देऊ नये, अशी मांडणी २०१४ मध्ये झाली. २०१७च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने ‘ग्राफीन’ हे नाव एका थरापुरते राखले. दहा थरांपर्यंतच्या पदार्थांना वेगळी नावे दिली. तरीही २०१८ मध्ये साठ उत्पादकांचे नमुने तपासले तेव्हा बहुतेकांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघाले. आधीच्या किती निबंधांत नेमके काय वापरले गेले होते, ही शंका त्यामुळे रास्तच.

२०२१च्या एप्रिलमध्ये कॅनडात ग्राफीनयुक्त मुखपट्ट्या वापरू नका, असे सांगण्यात आले, तेव्हा हाच गुंता लोकांच्या नाकापर्यंत पोहोचला. पट्टीतून कण सुटतात का, हा वेगळा प्रश्न होता. तपासणीनंतर जुलैमध्ये काही प्रकारांना परवानगी मिळाली. २०२४ मध्ये चौदा निरोगी स्वयंसेवकांना अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइडचे पातळ पापुद्रे दोन तास हुंगवण्यात आले. फुप्फुसांच्या कामात तात्काळ बिघाड आढळला नाही. ‘अतिशुद्ध’ आणि ‘पातळ’ ही विशेषणे त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहेत.