खिचडी, गोल बसलेली मुलं आणि नोंदवही : जिल्हा परिषदेच्या शाळेची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान गावातली जिल्हा परिषदेची शाळा घ्या. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक. फरशीवर अंकपट्टी रंगवलेली, भिंतीवर मुलांच्या हाताला येतील अशी अक्षरकार्डं. मुलं रांगेत न बसता गटागटाने बसलेली, आणि गट कधी इयत्तेप्रमाणे तर कधी कोणाला कितपत वाचता येतं त्याप्रमाणे. दुपारी खिचडी. कपाटात हजेरीपटाशेजारी मूल्यमापनाच्या नोंदवह्या आणि तांदळाचा हिशेब. हे सगळं एका आराखड्यातून आलेलं नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांच्या आग्रहामुळे आली, आणि खिचडी तर न्यायालयाच्या आदेशामुळे. पाचवी-आठवीच्या परीक्षेत न उतरलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवावं का, यावरून सध्या जी चर्चा चालते ती ऐकताना शाळेत निकालावर किती विसंबायचं हा प्रश्न कालपरवाच उभा राहिला असं वाटतं. प्रत्यक्षात तो 140 वर्षांहून जुना आहे.

इंग्रजी अमलाआधीच्या पंतोजींच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती आणि आजच्यासारख्या इयत्ताही नव्हत्या. मुलगा पाढे, मोडी, हिशेब ज्या वेगाने आत्मसात करील त्या वेगाने पुढे जाई, आणि मोठी मुलं लहानांना घोकून घेत. या शाळेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. छडी भरपूर होती, आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं तिथे नव्हतीच. 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि त्याबरोबर ठरलेली पुस्तकं, ठरलेल्या इयत्ता आणि तपासणीला येणारे ‘डिपोटी’ साहेब आले. खाजगी शाळांना अनुदान देताना किती मुलं परीक्षेत उतरली हे पाहिलं जाऊ लागलं. निकाल दाखवा, पैसे घ्या, असा तो व्यवहार होता.

या व्यवहारावर नेमकं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. 1882 साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, हे शाळेच्या पुस्तकांतूनही येतं. त्या साक्षीतला दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. ज्या समाजात अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही तिथे निकालावर अनुदान देण्याची पद्धत चालणार नाही, कारण केवळ निकालावर पोट अवलंबून असेल तर कोणताही शिक्षक अशा वस्तीत शाळा चालवायला धजणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यावीत, अभ्यासात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबासोबत शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे काय शिकवायचं, कोणी शिकवायचं आणि मुलाला शाळेत टिकवायला काय द्यायचं, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या लेखी एकच होते. खात्याने ते वेगळे ठेवले, आणि पुढची शंभर वर्षं ते वेगळेच राहिले.

सक्तीचा कायदा आधी संस्थानांत झाला. बडोद्याला सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग करून 1906 मध्ये तो राज्यभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेलं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला त्यात दंडाची तरतूद होती. दोन वर्षांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी काढला. मला या दुसऱ्या हुकमाचं मोल जास्त वाटतं. दंडाच्या भीतीने मूल वर्गाच्या दारापर्यंत येईलही, पण त्याला आत कुठे बसवायचं हा प्रश्न दंडाने सुटत नाही. शाहूंनी वसतिगृहं काढली आणि पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात तेच सूत्र रयतेपर्यंत नेलं, ते यासाठीच. गरीब मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लावावी लागते, हे या दोघांनीही ओळखलं होतं.

शाळाच उचलून मुलाकडे नेण्याची कल्पना ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आकाराला आली (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो). भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची, म्हणजे मुलं साधनं हाताळत स्वतः शिकतील अशी, बालवाडी खेड्यात चालवायची हा मूळ बेत. पण महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं हीच साधनं झाली. मग लक्षात आलं की गावातली मुलं येतात, वस्तीवरची येत नाहीत. तेव्हा बाईच वस्तीवर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुलांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा वारली आदिवासी मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण समोर आली. शाळेच्या वयाची मुलगी येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं, आणि मुलगा येत नाही कारण तो गुरांमागे असतो. भावंडासाठी शाळेलाच पाळणाघर जोडलं. गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणाऱ्या या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं.

कोसबाडला हजेरी कमी म्हणून पालकांना दोष देण्याऐवजी, मूल दिवसभर काय करतं हे आधी पाहिलं गेलं. आपल्याकडच्या प्राथमिक शिक्षणातली बहुतेक चांगली कामं अशा पाहण्यातून निघाली आहेत. सरकारने 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. कुरणशाळा मात्र तिथेच राहिली.

मधल्या काळात शाळांचा पसारा वाढला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1967 मध्ये बालभारती, म्हणजे राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, स्थापन झालं. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचं ठरवलं. दोन शिक्षक देण्यासाठी राष्ट्रीय मोहीम लागली, यावरून आधी काय अवस्था होती ते कळावं.

मदतीच्या योजनाही याच सुमारास आल्या, पण शिकवण्याशी त्यांचा संबंध कोणी जोडला नाही. जानेवारी 1992 पासून राज्याने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाला जास्तीत जास्त 220 रुपये. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण आहार योजना आली. महाराष्ट्रात तेव्हा ताटात काही पडत नव्हतं. 80 टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही कोरडा. मुलं पिशवी घेऊन येत आणि तांदूळ घरच्या डब्यात जाई. 2001 मध्ये अन्नाच्या हक्कासाठी दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबरला आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्नच द्यायचं. मग खिचडी आली. अर्ध्या दिवसानंतर घरी पळणारं मूल दुपारनंतर थांबू लागलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसू लागली. त्याबरोबर मुख्याध्यापकाच्या गळ्यात तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा रोजचा ताळेबंद आला, आणि तो आजही आहे. पटावर सगळंच अवलंबून असल्याने पट फुगवण्याचा मोहही आला. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करावी लागली, आणि कागदावरची पुष्कळ मुलं वर्गात सापडली नाहीत.

शिकवण्याचा प्रश्न तोवर दुसरीकडेच, सरकारी चौकटीबाहेर, सोडवला जात होता. 1980 च्या दशकात तीन ठिकाणी एकाच सुमारास कामं उभी राहिली. अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी 1982 मध्ये ग्राममंगल सुरू केलं, आणि डहाणू तालुक्यात त्याची शाळा उभी राहिली. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, जिथे शिक्षा नाही, नंबर नाहीत आणि धड्याइतकंच वजन प्रकल्पाला. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी फलटणच्या मराठीतल्या सामाजिक भेदांवर भाषाशास्त्रीय संशोधन केलं होतं. शाळेत जाऊनही न वाचणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून त्यांचं काम सुरू झालं. ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत सगळी मुळाक्षरं आधी पाठ करून घेण्याऐवजी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे, ही त्यांची रीत. आज ती साधी वाटते. पण वर्षभर बाराखडी घोकून पहिलं वाक्य दुसरीत वाचणाऱ्या पिढ्यांना विचारा.

या सगळ्याला कायद्याची चौकट मिळाली ती 1 एप्रिल 2010 पासून. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली, आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा देण्याचं ठरवलं आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. राज्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा शासन निर्णय काढला. आकारिक (शिकताना चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी. मुलाकडे बारकाईने पाहावं हा हेतू. झालं असं की काही काळातच इयत्ता आणि विषयाप्रमाणे तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘चित्र पाहून प्रश्नांची उत्तरे देतो’. एकच वाक्य शेकडो गावांतल्या मुलांच्या नावापुढे. शिक्षकांना हसणं सोपं आहे, पण साठ मुलं, सहा-सात विषय आणि तपासायला येणारे केंद्रप्रमुख म्हटल्यावर दुसरं काय होणार?

याच काळात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, काही वेगळं घडत होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या चाळीसेक शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं असं धरून, वर्ग बदलले. काड्यांचे दशकांचे गठ्ठे, खेळातल्या नोटा, जमिनीवर आखलेली कामं, आणि एकमेकांकडून शिकणारी मुलं. सरकारी शाळेतही हे जमतं, हे कुमठ्याने दाखवलं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे जाऊ लागल्या आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयामागे या अनुभवाचं बळ होतं. ‘प्रत्येक मूल शिकू शकतं’ हे वाक्य तेव्हापासून गुरुजींच्या भाषेत रुळलं. पण गाड्या परत गेल्या तेव्हा अनेक ठिकाणी पद्धतीऐवजी रंगच पोचला. लोकवर्गणी झाली, फरशा रंगल्या, आणि त्या रंगलेल्या फरशीवर मुलं पुन्हा ओळीने बसली. ज्या शाळांत शिक्षक महिनोन्महिने एकमेकांचे वर्ग पाहत राहिले, तिथे मात्र बदल टिकला.

नापास न करण्यावरचा राग यादरम्यान वाढतच होता. गावोगावच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांमधून पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे 2005 पासून दिसत होतं, म्हणजे कायद्याच्याही आधीपासून. तरी खापर फुटलं ते कायद्यावर. 2019 मध्ये संसदेने दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्राने डिसेंबर 2023 मध्ये ती वापरली. वार्षिक परीक्षेत न उतरलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, पुनर्परीक्षा घ्यायची, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात बसवायचं. मार्गदर्शन कसं करायचं हे कोसबाड, फलटण, कुमठे इथे कधीच शोधून झालेलं आहे. ते करायला वेगळा माणूस मात्र या नियमाने दिलेला नाही. दोन शिक्षकी शाळेत ते काम खिचडीचा ताळेबंद, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीच्या याद्या सांभाळणाऱ्या त्याच गुरुजींकडे जातं.