डाग पेट्रोलचा की हवेचा?

परवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने जळलेल्या खोलीचा फोटो टाकला. फरशीवर वेडावाकडा काळा डाग, मधेमधे पाणी सांडल्यासारखे आकार. खाली लगेच उत्तर आलं, "पेट्रोल ओतलंय, सरळ दिसतंय". त्याला पाच अंगठेही आले. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं लेखच लिहावा, कारण याच "सरळ दिसतंय"पायी टेक्सासमध्ये एक माणूस जिवानिशी गेलाय.

२३ डिसेंबर १९९१, कोर्सिकाना नावाचं गाव. कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला सकाळी आग लागली, बायको बाहेर गेलेली, तो बाहेर पडला आणि तीन लहान मुली आत राहिल्या, तिघीही गेल्या. तपासाला आलेले राज्याचे डेप्युटी फायर मार्शल मॅन्युएल वास्केझ यांना घरात जाळपोळीच्या वीसेक खुणा सापडल्या. जमिनीवर ओतल्यासारखे डाग, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली काच, दाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उंबऱ्याखाली जळालेलं लाकूड. कोर्टात त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता की आग गोष्ट सांगते, मी फक्त दुभाषा. तुरुंगातल्या एका कैद्याने "माझ्यापाशी कबुली दिली" असंही सांगितलं, पण खटला उभा होता तो या खुणांवर. १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला इंजेक्शन देऊन मारलं.

ज्युरीला मी दोष देत नाही. शेकडो आगी पाहिलेला माणूस छातीठोकपणे सांगतोय म्हटल्यावर कुणालाही पटेल. प्रश्न असा की त्या शेकडो आगींमध्ये आपलं निदान बरोबर होतं की चूक, हे त्याला कधी कुणी सांगितलं का? डॉक्टरचं औषध चुकलं तर पेशंट परत येतो. जळलेलं घर परत येत नाही.

जुना नियम असा होता: आग वर चढते, म्हणून जमीन जळाली असेल तर जमिनीवर काहीतरी ओतलेलं असणार. ऐकायला अगदी बरोबर, आणि आग लहान असेपर्यंत बरोबरच आहे. पण बंद खोलीत पुढे जे होतं ते सगळा हिशोब उलटा करतं.

समजा सोफा पेटला. धूर आणि गरम वायू वर जाऊन छताला अडतात, तिथेच पसरतात आणि थर जाड होत खाली सरकायला लागतो. आता होळी आठवा. आपण चांगले सात-आठ फुटांवर उभे असतो, ज्वाळा अंगाला लागत नाहीत, तरी तोंड भाजतं आणि पाठ गार असते. ही किरणांची उष्णता, हवेतून येणारी नाही. खोलीत होळी समोर नसते, डोक्यावर छतभर असते. आणि किरणांची गंमत म्हणजे ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात (केल्विनमध्ये मोजायचं), म्हणजे थर ३०० अंशांवरून ६०० अंश सेल्सियसवर गेला तर उष्णता दुप्पट होत नाही, पाचपटीच्या वर जाते. भर दुपारचं ऊन जमिनीवर चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट असतं. खोलीतला थर ६०० अंशांच्या आसपास गेला की जमिनीवर २० किलोवॅट पडतात, वीस सूर्य. मग गालिचा, पेपर, टेबलाचे पाय, सगळ्यांतून जळणारे वायू सुटायला लागतात आणि काही सेकंदांत अख्खी खोली एकदम पेटते, जमिनीसकट. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. पेट्रोलचा थेंब लागत नाही.

हे कागदावरचं गणित नाही बरं का. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या लाइम स्ट्रीटवर १९९० मध्ये घर जळून सहा जण गेले, त्याच घरात राहणाऱ्या माणसावर जाळपोळीचा आरोप आला. जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान हे तज्ज्ञ सरकारी पक्षाच्या बाजूने आले होते. शेजारी तसंच बांधलेलं रिकामं घर होतं, त्यांनी तसाच सोफा-गालिचा लावून ते पेटवलं, काहीही न ओतता. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर हुबेहूब "ओतलेले" डाग उमटले. आरोप मागे घ्यावे लागले.

पण माझा आवडता भाग पुढेच आहे, जरा धीर धरा. फ्लॅशओव्हर झाल्यावर खोलीत जळण भरपूर असतं, कमी पडते ती हवा. दारातून किती हवा येऊ शकते याचं एक साधं सूत्र आहे, दाराचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ, आणि त्याच्या निम्मं केलं की सेकंदाला किती किलो हवा ते मिळतं. २ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद दार घेतलं तर साधारण १.१ किलो. एक किलो हवेमागे ३ मेगाज्यूल उष्णता धरली तर ३ मेगावॅटच्या वर, म्हणजे दोन किलोवॅटचे दीड हजाराहून जास्त गीझर एका खोलीत. आणि जी आग हवेवर जगते ती हवेकडेच जाणार ना? सोफा आतल्या कोपऱ्यात पेटला होता, पण तिथे आता ऑक्सिजन उरलेला नाही, तिथे नुसता धूर घुसमटतोय आणि सगळ्यात खोल जळण होतंय दारापाशी, खिडकीखाली, भिंतीवर ज्वाळेचा छान त्रिकोणी ठसा वगैरे. तपास करणारा येतो, ठसा बघतो, म्हणतो आग इथे लागली. इथे तर फक्त हवा आली होती! वास्केझना उंबऱ्यापाशी जे दिसलं त्यासाठीही कुणी काही ओतलेलं असायची गरज नव्हती.

२००५ मध्ये लास व्हेगासजवळ याची परीक्षाच घेतली. दोन बेडरूम पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर दोनेक मिनिटं जळू दिल्या, मग ५३ तपासनीसांना विचारलं, खोलीचे चार भाग केले तर आग कोणत्या भागात लागली? पहिल्या खोलीत बरोबर आले ३. दुसऱ्या खोलीतही ३. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तेराएक जण बरोबर आले असते. म्हणजे माहिती नसणं वेगळं, इथे अनुभवच चुकीच्या दिशेला ओढत होता.

तडकलेल्या काचेचं तर आपल्या आज्यांनीही सांगितलं असतं. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते. बंबाचं पाणी पडतं तेव्हा हेच होतं. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या १९९१ च्या वणव्यानंतर जळलेली घरं तपासली तर काही घरांत ही "जाळपोळीची" काच मिळाली, आणि त्या घरांत कुणी काही ओतलेलं नव्हतं.

आपल्याकडे कपडे आपोआप पेटले की भानामती म्हणतात, आणि कुणी शोध घेतला की घरातलाच माणूस सापडतो. त्यावर आपण हसतो. पण कोट घातलेल्या माणसाने न तपासलेला ठोकताळा सांगितला की तो शपथेवर नोंदवून घेतो.

"शॉर्टसर्किटमुळे आग" हेही तसलंच. जळालेल्या वायरीवर तांब्याचा गोल मणी दिसला की कारण सापडलं म्हणतात. पण वायरीत वीज चालू असताना बाहेरच्या आगीने इन्शुलेशन जाळलं तरी तसाच मणी होतो. मण्यावरून कळतं की वायरीत वीज होती, आधी काय पेटलं ते नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरतं. या मताचा पाया तपासला होता का, हे विचारायला बचावाच्या वकिलाला आधी फ्लॅशओव्हर माहीत हवा.

विलिंगहॅमच्या घराच्या नमुन्यांपैकी पुढच्या पोर्चजवळच्या एकातच मिनरल स्पिरिट (खनिज तेलापासून बनलेलं ज्वलनशील द्रव) सापडलं होतं. त्याच पोर्चवर कोळशाची ग्रिल आणि ती पेटवायचं द्रव ठेवलेलं असायचं. केमिस्ट जेराल्ड हर्स्ट यांनी मृत्युदंडाच्या आधी रिपोर्ट दिला होता की यातली एकही खूण जाळपोळ सिद्ध करत नाही, तो गव्हर्नरच्या ऑफिसपर्यंत गेला, मृत्युदंड थांबला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच राज्यात, अर्नेस्ट विलिस नावाचा माणूस १७ वर्षं मृत्युदंडाच्या कोठडीत काढून सुटला. त्याच्याही खटल्यात ओतल्यासारखे डागच होते, फक्त त्याच्या बाबतीत सरकारी वकिलाने हर्स्टला विचारलं.