नाताळचं बेकिंग घरात कधी आलं?

१७९६ साली अमेरिकेत हार्टफर्डला अमीलिया सिमन्स या बाईंचं 'अमेरिकन कुकरी' हे पाककृतींचं पुस्तक छापलं गेलं. त्यात 'ख्रिसमस कुकी' नावाची एक कृती आहे. तीन पौंड पीठ, चहाच्या कपभर धण्याची बारीक पूड, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि दुधात विरघळवलेला तीन चमचे पर्लॲश, म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार. सगळं मळायचं, पाऊण इंच जाड लाटायचं, हव्या त्या आकारात कापायचं किंवा ठसा उमटवायचा. शेवटी बाई सांगतात, सुरुवातीला कडक आणि कोरड्या लागतील, पण मातीच्या भांड्यात भरून ठेवा, सहा महिन्यांनी जास्त मऊ आणि चांगल्या होतील.

सहा महिने! आज ट्रे ओव्हनमधून बाहेर येतो न येतो तोच बोटं भाजून घेत पहिली कुकी पळवणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर पटणार नाही. डिसेंबरच्या एखाद्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळं घर जमतं, कुणी पीठ लाटतं, कुणी चांदण्या कापतं, सगळ्यात धाकट्याच्या नाकाला आयसिंग लागलेलं असतं. हे दृश्य इतकं ओळखीचं झालं आहे की ते पूर्वापार चालत आलं असावं असंच वाटतं. प्रत्यक्षात युरोपातल्या शहरांत ते जेमतेम दीड-दोनशे वर्षांचं आहे. त्याआधी कित्येक शतकं सणाचा गोड पदार्थ हे घराचं कामच नव्हतं, ते कारागिराचं होतं.

जर्मनीतलं न्यूरेंबर्ग घ्या. तिथल्या लेबकूखनचा, म्हणजे मध आणि मसाल्यांच्या केकचा, कारागीर १३९५ पासून नोंदींत सापडतो. शहराभोवतीच्या राखीव जंगलात मधमाश्या पाळल्या जात, त्यामुळे मध हाताशी होता. व्हेनिसकडून उत्तरेला जाणारा व्यापारी रस्ता शहरातून जात असल्यामुळे दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ तिथल्या बाजारात उतरायचं. हा पदार्थ याच शहरात का रुजला ते यातून कळतं. ओलसर, चिकट पीठ पत्र्याला धरू नये म्हणून ते पातळ वेफरवर थापायचं, ही युक्ती आजही टिकून आहे. १४८७ साली सम्राट तिसऱ्या फ्रीडरिखने शहरातल्या सुमारे चार हजार मुलांना आपली छबी उमटवलेले केक वाटले, असं सांगतात. १६४३ मध्ये या कारागिरांना बेकऱ्यांपासून वेगळा, स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. नासपतीच्या किंवा तशाच घट्ट लाकडात उलटे कोरलेले साचे ही त्यांची खरी दौलत होती, बापाकडून मुलाकडे जाणारी.

घरात हे का होत नव्हतं, याचं उत्तर सरळ आहे. साखर आणि मसाले महाग होते. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे बहुतेक घरांत भट्टीच नव्हती. उघड्या चुलीवर उकळता येतं, तळता येतं, पण चारी बाजूंनी सारखी धग लागते ती बंदिस्त भट्टीतच. दाटीवाटीच्या लाकडी घरांत विटांची भट्टी म्हणजे आगीचं भय. म्हणून ती बेकऱ्याकडे, मठात किंवा गावाच्या सामाईक जागी असायची.

मला या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच सापडते. ज्या पदार्थाला भट्टी लागत नाही, तो घरच्यांनी मिळून करण्याची रीत जुनी आहे. ज्याला लागते, तो घरात उशिरा आला.

इंग्लंडचं ख्रिसमस पुडिंग पाहा. बेदाणे, मनुका, मेंढीची किंवा गाईची चरबी, पाव, अंडी आणि मसाले फडक्यात बांधून तासन्‌तास उकळायचं, म्हणजे चूल आणि मोठं भांडं पुरे. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीचा जो शेवटचा रविवार, त्या दिवशीची चर्चमधली प्रार्थना इंग्रजीत 'ढवळ' या अर्थाच्या शब्दाने सुरू होते. तिथे देवाला विनंती आहे ती भाविकांची इच्छाशक्ती ढवळून जागी करण्याची. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ती आली. ऐकणाऱ्या बायकांना आठवायचं ते घरचं भांडं! पुडिंग मुरायला महिनाभर तरी हवा, आणि नाताळही तेवढाच दूर असायचा. हळूहळू त्या रविवारचं नावच 'ढवळण्याचा रविवार' पडलं. घरातल्या प्रत्येकाने, अगदी तान्ह्याचा हात धरूनसुद्धा, लाकडी चमचा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा, कारण बाळ येशूच्या दर्शनाला ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले. मनात एक इच्छा धरायची. मिश्रणात चांदीचं नाणं टाकायचं, ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान. याची गंमत अशी की त्या घट्ट मिश्रणाला खरोखरच अनेक हात लागतात. एकट्या माणसाचा दंड भरून येतो.

आइसलँडमध्ये हेच तळणीच्या रूपात दिसतं. तिथे धान्य पिकणं अवघड, पीठ बाहेरून यायचं आणि थोडंच यायचं. मग नाताळसाठी पोळी इतकी पातळ लाटायची की पलीकडचं दिसावं, आणि तिच्यावर सुरीच्या टोकाने नक्षी कापायची, पानांसारखे बारीक पदर एकमेकांवर दुमडायचे. नंतर ती मेंढीच्या चरबीत तळायची. हिला लौफाब्रौड म्हणतात, म्हणजे पानांची भाकरी. अठराव्या शतकापासून तिची नोंद आहे. एका दिवशी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसून डझनावारी पोळ्या कापतात आणि घराघराची आपली नक्षी असते. पीठ कमी होतं म्हणून पोळी पातळ झाली आणि पोळी पातळ होती म्हणून तिच्यावर नक्षी आली. टंचाईतून इतकं देखणं काही निघालेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

मेक्सिकोत तमाले वाफवतात. मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्याच सालपटात गुंडाळायचं. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे सहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने अझ्टेक लोकांच्या सणांतल्या तमालेंचं वर्णन लिहून ठेवलं आहे, म्हणजे पदार्थ तिथल्या नाताळाहून जुना आणि नाताळ त्याला येऊन मिळाला. गुंडाळण्याचं काम वेळखाऊ असल्यामुळे नातलग एकत्र जमतात. त्या जमण्याला 'तामालादा' असं स्वतंत्र नावच आहे.

भट्टीचे पदार्थ आणि घर यांच्या मधला दुवा मला जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेनच्या श्टोलनमध्ये, म्हणजे सुकामेवा घातलेल्या नाताळच्या गोड पावात, दिसतो. ॲडव्हेंट हा उपासाचा काळ, त्यात लोणी वर्ज्य. त्यामुळे पूर्वीचा श्टोलन पीठ, यीस्ट, पाणी आणि तेलाचा, अगदीच बेचव असायचा. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केला आणि १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटने लोणी वापरायची परवानगी दिली, बदल्यात चर्चच्या बांधकामासाठी पैसे द्यायचे या अटीवर. ते पत्र 'लोण्याचं पत्र' म्हणून ओळखलं जातं. पुढे सॅक्सनीत अशी पद्धत पडली की घरच्यांनी आपलं लोणी, बेदाणे, बदाम जमवायचे, घेऊन बेकऱ्याकडे जायचं आणि त्याच्या भट्टीत भाजून आणायचं. सगळ्यांचे श्टोलन सारखेच दिसणार, मग अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या नावाची पत्र्याची छोटी खूण पिठात खोचायचं. पदार्थ घरचा, धग मात्र उसनी.

स्वतःची धग घरात आली ती एकोणिसाव्या शतकात, ओतीव लोखंडाच्या बंद चुलीबरोबर. तिच्या पोटात ओव्हनचा कप्पा असायचा. त्याच शतकात साखर स्वस्त झाली. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४७ मध्ये बीटमध्ये साखर असल्याचं दाखवलं होतं. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ च्या सुमारास सायलेशियात पहिला कारखाना उभारला. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा कर काढून टाकला. पण बीटच्या आधीची आणि बरोबरीची साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमावर येत होती, हे या गोड इतिहासातून गाळता येणार नाही.

व्हॅनिलाची गोष्ट तर मला दर वेळी अस्वस्थ करते. मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरत नसत, कारण तिकडे परागण करणारे कीटक इतरत्र नव्हते. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठ्याने फुलाचं परागण करण्याची सोपी रीत शोधली. जगभर आजही हाताने हेच करतात. १८४८ मध्ये गुलामी संपल्यावर त्याला ॲल्बियस हे आडनाव मिळालं, पैसे मात्र मिळाले नाहीत. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला. ऑस्ट्रियन घरांत नाताळला होणाऱ्या चंद्रकोरीच्या आकाराच्या व्हॅनिला बिस्किटांना जो सुगंध येतो, त्यामागे एका मुलाचं बोट आहे. मुलांच्या सणाच्या इतिहासात त्याचं नाव यायलाच हवं.

पीठ फुगवण्याचा प्रश्नही याच काळात सुटला. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड याने यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी बेकिंग पावडर केली. १८९० च्या दशकात जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या औषधविक्रेत्या ऑगस्ट ओएटकरने ती बरोबर अर्धा किलो पिठाला पुरेल अशा पाकिटात घातली. अंदाज चुकून सगळा घाणा फुकट जाण्याची भीती गेली. ज्यात चूक परवडते तिथेच मुलांना हात घालू देता येतो, म्हणून ही पाकिटं मला फार महत्त्वाची वाटतात.

एवढं असूनही सण घरगुती नसता तर काही उपयोग नव्हता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. त्यांचा राग मुख्यतः रस्त्यावरच्या दारूबाजीवर आणि दंग्यावर होता. नाताळ दाराच्या आत आला तो एकोणिसाव्या शतकात. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा आल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं गेलं आणि जर्मन घरांतली झाडाची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत झपाट्याने पसरली. झाडाला टांगायला बिस्किटं हवीत, ती कापायला पत्र्याचे साचे हवेत. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतलं घर भाकरीचं होतं, छत केकचं आणि खिडक्या साखरेच्या. पुढे घरोघरी जिंजरब्रेडची घरं उभी राहिली ती त्याच्याच ओढीने.

मग युद्धं आली. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर गेली. त्याच वर्षी केकवर आयसिंग करण्यावर बंदी आली. पुडिंगमध्ये गोडीसाठी किसलेली गाजरं पडू लागली. साखर सुटली ती थेट सप्टेंबर १९५३ मध्ये. अमेरिकेत १९४२ पासून १९४७ पर्यंत तीच तऱ्हा. घरं आठवड्याच्या वाटणीतून चमचा-चमचा साखर मागे टाकत आणि डिसेंबरात एकदाच डबा उघडत. नाताळचं बेकिंग त्या वर्षांत बंद पडलं नाही, आणि हे श्रेय सर्वस्वी घरातल्या बायकांचं आहे. एकंदरच 'कुटुंबाने मिळून' म्हणताना मळणं, भाजणं आणि नंतरची भांडी कुणाच्या वाट्याला आली हे विसरू नये.

ओव्हनचं तापमान आपोआप राखणारं बटण ब्रिटनमधल्या गॅसच्या शेगड्यांवर १९२३ मध्ये आलं. त्याआधी धग ओळखायची ती आत हात धरून किंवा कागदाचा तुकडा किती वेळात तपकिरी होतो ते पाहून. म्हणून जुन्या कृतींमध्ये अंश आणि मिनिटं नसतात. असतं ते 'मध्यम भट्टीत' किंवा 'पीठ घेईल तितकं'. ते तितकं म्हणजे किती, हे शेजारी स्टुलावर उभ्या असलेल्या पोरीला आजी पिठाचा गोळा हातात देऊन दाखवायची.