एका दिवसाची शिकार

जर्मनीत एखाद्या शिकाऱ्याने पहाटे जंगलात हरिण मारलं आणि संध्याकाळी ते गावच्या खाटकाला विकलं, तर ते जनावर मोठ्या मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्रातून फिरवून आणावं लागत नाही. अट एवढीच की माल ‘थोडा’ असावा आणि खाटीक ‘जवळचा’ असावा. थोडा म्हणजे किती? २००७ च्या जर्मन नियमावलीत किलोचा आकडाच नाही. शिकारीच्या एका दिवसात जेवढी जनावरं पडली, तेवढा माल म्हणजे थोडा. जवळचा म्हणजे शिकाऱ्याच्या घरापासून किंवा शिकारीच्या जागेपासून १०० किलोमीटरच्या आतला. हाकारा घालून केलेल्या मोठ्या शिकारीत एका दिवसात डझनावारी रानडुकरं पडू शकतात, तेव्हा हा ‘थोडा’ चांगलाच ताणता येतो, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. गावाकडे शिकारीचे वाटे घालण्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात, पण आज तो वाटा विकणं तर सोडाच, घरात सापडला तरी गुन्हा. युरोपात मात्र शिकार कायदेशीर आहे आणि मारलेलं जनावर हे अन्न आहे. मग ते कुणी, कुणाला, किती विकायचं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. ते ठरवण्यामागे दोन वेगवेगळ्या भीती आहेत. एक इंग्लंडातली, दुसरी जर्मनीतली.

इंग्लंडातली भीती आजाराची नव्हती, चोरीची होती. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क जमीनदारांपुरता राखून ठेवला. साधारणपणे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतून वर्षाला १०० पौंड उत्पन्न असेल तरच तितर, फेझंट (कोंबडीच्या जातीचा रानपक्षी) किंवा ससा मारता येई. त्या काळी ग्रामीण मतदारसंघात मत द्यायला ४० शिलिंगांची, म्हणजे दोन पौंडांची जमीन पुरे. थोडक्यात, पार्लमेंटात माणूस निवडून पाठवण्यापेक्षा तितर मारायला पन्नासपट ऐपत लागे. पुढे १७५५ मध्ये शिकारीच्या मांसाची विक्रीच सरसकट बंद झाली, अगदी ज्याला मारायचा हक्क होता त्याच्यासाठीसुद्धा. आणि १८१८ मध्ये विकत घेणंही गुन्हा ठरलं.

याचा परिणाम काय झाला असेल ते सांगायला नकोच. लंडनच्या पैसेवाल्या घरांत फेझंटला मागणी होतीच. सरळ मार्गाने मिळत नाही म्हटल्यावर ती मागणी चोरट्या शिकाऱ्यांनी भागवली. पक्षी रात्रीत मारले जायचे आणि टपालगाडीच्या सामानातून लंडनच्या कोंबडीविक्यांकडे पोचायचे. बंदी चोरट्यांना आवरण्यासाठी होती. तिने त्यांना बाजारपेठ मिळवून दिली.

शेवटी १८३१ मध्ये कायदा उलटा फिरवला गेला. प्रमाणपत्र काढलेल्या कुणालाही शिकार करता येऊ लागली, आणि त्याला आपला माल परवानाधारक व्यापाऱ्याला विकता येऊ लागला. या परवान्याच्या अटी मला फार बोलक्या वाटतात. व्यापाऱ्याने दुकानाच्या दर्शनी भागावर स्वतःचं पूर्ण नाव आणि ‘शिकारीच्या मालाचा परवानाधारक विक्रेता’ अशा अर्थाची पाटी स्वच्छ वाचता येईल अशी लावायची. परवाना कुणाला द्यायचा नाही याची यादीही कायद्यातच होती: सराईवाले, बिअर विकणारे, टपालगाडीचे मालक, तिचे गाडीवान आणि रखवालदार, मालवाहतूकदार, फेरीवाले. म्हणजे चोरीचा माल ज्यांच्या हातून फिरत होता ते सगळे एका दमात बाहेर. त्या यादीत मांस ताजं की कुजलेलं याबद्दल चकार शब्द नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे परवाने १ ऑगस्ट २००७ पर्यंत चालू होते.

जर्मनीत गोष्ट सुरू होते ती ड्रेस्डेनच्या शवविच्छेदन टेबलावर. १८६० च्या जानेवारीत एक तरुण मोलकरीण वारली. विषमज्वर असावा असा अंदाज होता. फ्रीडरिश झेंकर या डॉक्टराने तिचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत ट्रिकिना नावाचे बारीक जंत होते. ती ज्या घरी कामाला होती तिथल्या डुकराच्या मांसातही तेच निघाले. पाच वर्षांनी हेडर्सलेबेन नावाच्या गावात याच जंतांनी तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि शंभराच्या आसपास दगावली. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसाची चटक हे कारण. रुडोल्फ फिरखो या नामवंत जर्मन डॉक्टरांनी मग प्रत्येक डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासलंच पाहिजे असा आग्रह धरला. खाटकांनी कुरकुर केली, पण तपासणी रुळली, आणि १९०० मध्ये साऱ्या साम्राज्यासाठी मांसतपासणीचा कायदा झाला.

रानडुक्कर उंदीर खातं, मेलेली जनावरंही खातं, त्यामुळे ट्रिकिना त्याच्यात आजही सापडतो. म्हणून जर्मनीत रानडुकराला तपासणीतून सूट नाही, ते खाटकाला विकायचं असो की स्वतःच्या घरी रांधायचं असो.

हे दोन्ही धागे युरोपीय संघात एकत्र आले. १९९२ साली शिकारीच्या मांसासाठी एक वेगळा निर्देश निघाला. मग २९ एप्रिल २००४ चा ८५३ क्रमांकाचा नियम आला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. हा नियम मूळचा मोठ्या व्यवहारासाठीचा. त्यात प्रशिक्षित व्यक्तीने जनावर पाहायचं, मारण्याआधी ते विचित्र वागत होतं का याची नोंद करायची, हरणासारख्या मोठ्या जनावराचं पोट लवकरात लवकर साफ करायचं, मांस सात अंशांपर्यंत आणि सशा-पक्ष्यांचं चार अंशांपर्यंत थंड करायचं, असं सगळं बयाजवार लिहिलेलं आहे. मात्र पहिल्याच कलमात एक दार उघडं ठेवलंय: थोडा माल थेट गिऱ्हाईकाला किंवा स्थानिक किरकोळ दुकानदाराला देणाऱ्या शिकाऱ्याला हा नियम लागू नाही. त्याच्यासाठी नियम ज्याने त्याने आपापल्या देशात करावेत.

जर्मनीने एक दिवस आणि १०० किलोमीटर धरले. ब्रिटनने ‘थोडा’ची व्याख्याच केली नाही, अंगावर कातडं किंवा पिसं असलेल्या अख्ख्या जनावराला स्थानिक मागणी मुळातच कमी, तेव्हा माल आपोआप थोडाच राहील, असा त्यांचा हिशेब. ‘स्थानिक’साठी मात्र आपली काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि लगतच्या काउंट्या, नाहीतर आपल्या काउंटीच्या हद्दीपासून ५० किलोमीटर, यातलं जे जास्त असेल ते. फेझंटची जोडी पिसांसकट खाटकाच्या आकड्याला टांगली तर शिकारी केवळ उत्पादक, शेतकऱ्यासारखा. तीच सोलून दिली तर तो अन्नव्यावसायिक झाला आणि स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी आली.

माझ्या मते या सवलतीचा खरा आधार वजन नाहीच, ओळख आहे. मांस खराब निघालं तर खाटकाला माहीत असतं की कुणाच्या दारात जायचं. पण जे डोळ्यांना दिसत नाही तिथे ओळख उपयोगाची नसते. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर मांसातल्या किरणोत्सारी सीझियमची मर्यादा किलोमागे ६०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचं एकक) ठरली. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातली रानडुकरं जमिनीखालची हरिणकवकं उकरून खातात, ती कवकं सीझियम साठवतात, आणि इतकी वर्षं उलटूनही काही भागांतली डुकरं ही मर्यादा ओलांडतात. सप्टेंबर २०२० मध्ये पूर्व जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या साथीच्या रोगाने मेलेलं पहिलं रानडुक्कर सापडलं, आणि निर्बंध घातलेल्या पट्ट्यात १०० किलोमीटरच्या मुभेला फारसा अर्थ उरला नाही.

बाकी ठिकाणी रिवाज तोच. शिकारी डुकराला क्रमांकाची पट्टी अडकवतो, तोच क्रमांक मूळ-दाखल्यावर लिहितो, श्वासपटलाचा आणि पुढच्या पायाचा तुकडा काढून तपासणीला पाठवतो. डुक्कर थंड खोलीत टांगलेलं राहतं, आणि निकाल येईपर्यंत खाटीक त्याला सुरी लावत नाही.