कॅमेऱ्यावरील कोरीवकाम

कॅमेऱ्याच्या धातूच्या किंवा लाकडी अंगावर अक्षरे, अंक, चिन्हे व नक्षी उमटविण्याची कारागिरी. कलमाने कोरणे, ठसा मारणे, आम्लाने खोदणे, मुलामा देणे आणि खाचेत रंग भरणे या सर्व क्रियांचा तीत समावेश होतो. एकाच कॅमेऱ्यावर त्यांपैकी दोन-तीन तरी एकत्र सापडतात.

उगम : कॅमेऱ्यावरील सर्वांत जुनी नाममुद्रा शोभेसाठी नव्हे, हमीसाठी होती. पॅरिसच्या आल्फाँस जिरू यांनी १८३९ मध्ये विक्रीस आणलेल्या दागेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर छायाचित्र घेणाऱ्या) कॅमेऱ्याच्या बाजूला एक लंबगोल पट्टी असे. या तंत्राचे जनक दागेर यांची सही आणि जिरू यांची मुद्रा नसलेल्या उपकरणाची हमी घेतली जाणार नाही, असा मजकूर तीवर होता. सजावटीची परंपरा नेमकी कोठून आली, याबद्दल दोन मते मांडता येतात. एका मतानुसार ती दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक व मोजणीची उपकरणे करणाऱ्या पितळकारागिरांकडून आली; दुसऱ्यानुसार घड्याळे व दागिने घडविणाऱ्यांकडून. एकोणिसाव्या शतकापुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. गणितज्ञ पेट्सवाल यांच्या रचनेचे भिंग बनविणारी व्हिएन्नाची फोइग्टलेंडर ही पेढी मुळात प्रकाशीय उपकरणांचीच, आणि १८४०-४१ च्या सुमाराचा तिचा पितळी कॅमेरा दुर्बिणीच्या जवळचा दिसतो. भिंगाच्या पितळी नळीवर पेढीचे नाव आणि क्रमांक वळणदार अक्षरांत कोरण्याची तिची रीतही त्याच घराण्यातली. सोन्याचा मुलामा, रंगीत कातडे, मीनाकाम ही दुसरी धारा मात्र १९२० नंतरच ठळक होते.

हत्याराची खूण : कोरीवकाम हाताचे की यंत्राचे, हे नक्षीच्या डौलावरून ठरवू नये; खाचेवरून ठरवावे. दहापट मोठे दाखविणारे घड्याळजीचे भिंग त्यासाठी पुरते. हाताने चालविलेल्या कलमाची खाच तळाशी निमुळती असते. रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि पुन्हा बारीक होत सुटते. वळणावर कारागीर कलम फारसे फिरवीत नाही, चामड्याच्या गादीवर ठेवलेली वस्तूच फिरवतो; म्हणून वळण मोडत नाही. पँटोग्राफ यंत्रात एक टोक मोठ्या अक्षराच्या साच्यावर फिरते आणि दुसऱ्या टोकाचे गरगरणारे पाते तेच अक्षर लहान करून कापते. तिथे खोली सर्वत्र सारखी आणि रेघेची टोके गोलसर असतात. ठशाने धातू निघून जात नाही, बाजूला दबतो. त्यामुळे खाचेच्या कडेला बारीकसा उंचवटा नखाला लागतो. आम्लाने खोदलेल्या खाचेचा तळ सपाट व किंचित खरबरीत असतो. यानंतर खाचेत काळा, पांढरा किंवा तांबडा रंग भरून वरचा पुसून घेतात.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या आणि तिच्या पुढील पिढ्यांच्या माथ्यावर वळणदार नाव व खाली व्हेट्सलारच्या एर्न्स्ट लाइट्स यांचा उल्लेख असतो. ही अक्षरे यंत्राने कापलेली आहेत म्हणून ती कमी कसबाची, असे काही संग्राहक मानतात. हे मत येथे ग्राह्य धरलेले नाही. भिंगाच्या गोल कड्यावर अंतराचे व छिद्रमानाचे (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या मापाचे) आकडे कापताना प्रत्येक आकड्यासाठी कडे मोजून फिरवावे लागते, आणि एक आकडा सरकला तरी तयार कडे वाया जाते.

उष्ण प्रदेशांसाठीचे कॅमेरे : सागवानी अंग, पितळी पट्ट्या आणि तांबूस चामड्याचा भाता (भिंग व कॅमेऱ्याचे अंग जोडणारा घड्यांचा भाग) असलेल्या कॅमेऱ्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणत. दमट हवेत सरसाचे सांधे सुटतात, चामड्याला बुरशी व कसर लागते. म्हणून सांधे पितळी स्क्रू व पट्ट्यांनी आवळलेले, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. हे कॅमेरे प्रत्यक्षात युरोपातील हौशी लोकांसाठी होते आणि हिंदुस्थानचे नाव केवळ जाहिरातीपुरते, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही बाजू ताडून पाहता पट्ट्यांची जागा हा पुरावा निर्णायक वाटतो. पट्टी कोपऱ्याच्या सांध्यावर बसलेली असेल तर ती काम करते आहे. ताण नसलेल्या जागी असेल तर ती शोभेची. सँडरसन कॅमेऱ्याचे कर्ते फ्रेडरिक सँडरसन हे केंब्रिजचे सुतार व लाकूड-दगडावर कोरीवकाम करणारे कारागीर होते. त्यांचे एकस्व (पेटंट) १८९५ चे. त्यांच्या सागवानी नमुन्यांत उपयोग व शोभा वेगळी काढता येत नाही. १९२० नंतरच्या जर्मन घडीच्या कॅमेऱ्यांत शोभेचे पारडे जड दिसते. केरळातील आलप्पुळा येथे विसाव्या शतकाच्या मध्यास तयार होणारा ‘वागीश्वरी’ हा स्टुडिओचा कॅमेरा लाकूड-पितळेच्या याच परंपरेतील होय.

शोभेचे नमुने : १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘लायका लक्सुस’ला सोन्याचा मुलामा आणि सरड्याच्या जातीच्या प्राण्याचे कातडे होते; असे कॅमेरे शंभराच्या आतच झाले, असे मानतात. लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, १९७९ मध्ये, लायका एम४-२ ची सोनेरी आवृत्ती निघाली. पण नक्षी म्हणून श्रेष्ठ नमुना १९३३ चा पहिला रोलायकॉर्ड हा जर्मन कॅमेरा. त्याच्या अंगावर चामडे नाही. निकेलचा मुलामा दिलेले पत्रे आहेत आणि त्यांवर काळ्या-रुपेरी रेघांची भौमितिक जाळी. जर्मन संग्राहक त्याला ‘भिंतीच्या कागदाचा रोलाय’ म्हणतात. हातात घेतल्यावर हे नाव अपुरे वाटते : जाळी बोटांना पकड देते आणि प्रकाश तिरपा पडला की काळ्या रेघा मागे सरून रुपेरी चौकोन पुढे येतात. न्यूमन-सिंक्लेअर या इंग्रजी चलच्चित्र कॅमेऱ्याच्या ड्युरॅल्युमिनच्या (ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूच्या) पेटीवर एकमेकांवर चढलेल्या गोल चकत्यांची चकाकी असते. फिरत्या दांड्याच्या टोकाने पत्रा जागोजाग घासून ती आणतात. तिच्यात बोटांचे ठसे व ओरखडे लपतात. कोडॅकचा १९३० चा ‘बो ब्राउनी’, वॉल्टर डॉर्विन टीग यांच्या रचनेचा, दुरंगी मीनाकामाच्या दर्शनी पट्टीसाठी प्रसिद्ध आहे.

बनावट कोरीवकाम : खारकिव्हचा फेद (१९३४ पासून) व क्रास्नोगोर्स्कचा झोर्की (१९४८ पासून) हे लायकाच्या धर्तीवरचे सोव्हिएत कॅमेरे. त्यांचे मूळ नाव घासून, सोनेरी मुलामा देऊन वर ‘लायका’ कोरलेले असंख्य नमुने बाजारात आहेत. भिंग उतरवून आत पाहावे : अंतरमापकाला जोडलेल्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात छोटे चाक असते, फेद-झोर्कीत थेंबाच्या आकाराचे घन टोक. मुलाम्यानंतर कोरलेल्या खाचेत उघडे पितळ दिसते, हीही एक खूण. परंतु रंग भरलेला असल्यास ती झाकली जाते.

बडोदे : छायाचित्रण आणि खोदकाम या दोन विद्या एका छताखाली शिकण्याची सोय येथे लवकर झाली. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन उभे केले. तेथे शिकलेल्या धुंडिराज गोविंद (दादासाहेब) फाळके यांना गज्जरांनी छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा वापरू दिली आणि पुढे छपाईचे ठसे (ब्लॉक) तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला धाडले. प्रकाशाने पत्र्यावर चित्र उतरवून ते आम्लाने खोदायचे, हे त्या तंत्राचे सार. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत हा धागा पुन्हा दिसतो : तेथे अध्यापन केलेले ज्योती भट्ट हे मुद्राचित्रकारही (कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून चित्र छापणारे) आहेत आणि छायाचित्रकारही.

मराठी घरांत आहेराच्या भांड्यांवर नाव-तारीख घालून घेण्याची जुनी रीत आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या तळपट्टीवर कधी कधी तशीच ठिपक्याठिपक्यांची अक्षरे आढळतात. विकण्यापूर्वी ती घासून काढण्याचा मोह टाळावा. नाव असलेला कॅमेरा कुणाचा, कुठला, हे सांगू शकतो.

निगा : भिंगाच्या पितळी नळीवर वार्निशाचा पातळ थर असतो. समई-निरांजन चिंच व रांगोळीने घासतात तसे तिला घासल्यास आधी वार्निश, मग खाचेतला रंग आणि शेवटी बारीक रेघांची टोके जातात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढावी, मऊ सुती फडक्याने हलके पुसावे आणि काळपट झालेले पितळ तसेच राहू द्यावे.