भटके मांजर घरी घेणे

चाळीच्या जिन्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मासळी बाजारात किंवा शेतावर कोणाच्याही मालकीशिवाय वावरणाऱ्या मांजराला कायमचे घरात ठेवून घेण्याची प्रथा. त्यात मांजराच्या खाण्याची, औषधपाण्याची आणि निर्बीजीकरणाची जबाबदारी येते. दाराशी येणाऱ्या मनीला किंवा बोक्याला दूधपोळी घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिच्यामागे खरी माया असते. पण तेवढ्याने मांजर पाळल्यासारखे होत नाही. नुसते खाऊ घातलेल्या मांजरीला वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होऊ शकतात. त्यांतली बरीचशी गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा रोगाने जातात. मांजर घरचे होते ते पशुवैद्याकडे पहिली फेरी झाल्यावर.

घरगुती मांजर (फेलिस कॅटस) आफ्रिकी रानमांजरापासून (फेलिस लिबिका) आले. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर धान्याच्या कोठारांवर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. गाय किंवा घोडा माणसाने धरून आणला. मांजर मात्र वस्तीजवळ आपणहून राहू लागले, आणि आजही बहुतेक घरांत ते तसेच शिरते.

प्रत्येक भटके मांजर घरात राहण्याजोगे नसते. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला, आवाजाला आणि वासाला सरावते. हा काळ माणसाविना गेला, तर मोठेपणी ते माणसापासून लांबच राहते. अशा बुजऱ्या प्रौढ मांजराला चार भिंतींत कोंडणे ही त्याला शिक्षाच ठरते. त्याला पिंजऱ्यात पकडून, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस करून पुन्हा त्याच जागी सोडणे हाच चांगला मार्ग. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक किंचित कापलेले असते. शेपटी उभी धरून पायाला अंग घासणारे मांजर मात्र पूर्वी कोणाच्या तरी घरात राहिलेले असण्याची शक्यता मोठी. ते हरवलेले नाही ना, याची आसपास चौकशी आधी करावी.

पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक घाईने होते. मीटरच्या खोक्यामागे चार पिल्ले एकटीच दिसली म्हणजे ती पोरकी झाली असे नाही. आई बहुधा खाणे शोधायला गेलेली असते. ती पिल्लांना सात घरे फिरवते असे घरोघरी म्हणतात. सातचा आकडा सोडला तर निरीक्षण खरेच आहे, धोका वाटला की मांजरी पिल्लांना तोंडात धरून एकेक करून जागा बदलते. त्यामुळे काही तास लांबूनच पाहावे. पोटे गोल आणि अंग उबदार असेल, पिल्ले शांत झोपली असतील, तर आई येत-जात असते. सतत ओरडणारी, थंडगार, मळलेली पिल्ले मात्र उचलावीत.

उचललेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, आणि नको वाटल्यास त्याला सरकता येईल एवढी जागा सोडावी. दूध गाई-म्हशीचे नको, त्याने जुलाब होतात आणि एवढासा जीव काही तासांत सुकून जातो. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. ती पाजताना पिल्लू पोटावर पालथे असावे, तान्ह्या बाळासारखे उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते. पहिले तीन आठवडे त्याला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तसे कोमट ओल्या कापसाने दर पाजण्याच्या वेळी पुसावे लागते. वजन रोज साधारण १० ग्रॅम वाढले तर सारे ठीक चालले आहे. वय ओळखायला डोळे आणि दात पाहतात. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात.

ग्रामीण भागासाठी एक इशारा आवश्यक आहे. ऊसतोडणीच्या वेळी फडात सापडणारी पिल्ले नेहमी मांजराचीच असतात असे नाही. ती रानमांजराची किंवा वाघाटीचीही असू शकतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मार्जारांपैकी एक, पूर्ण वाढ झाली तरी दीड किलोच्या आसपासची. तिच्या पिल्लांच्या कपाळावर रेघा आणि अंगावर तांबूस ठिपके असतात, आणि ती घरच्या मांजराची वाटून अनेकजण घरी नेतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्यांना पाळता येत नाही. पिल्ले सापडली तिथेच राहू देऊन वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. जुन्नर परिसरात अशी पिल्ले संध्याकाळी त्याच जागी ठेवून आईशी पुन्हा भेटवण्यात यश आले आहे.

घरात आणलेले मोठे मांजर पहिले काही दिवस दिवाणाखाली किंवा फ्रिजमागे दडून बसते. त्याला ओढून बाहेर काढू नये. एक लहान खोली, पुठ्ठ्याचे आडवे खोके, पाणी, खाणे आणि त्यांपासून दूर शी-शूचा ट्रे एवढे पुरते. ट्रेमधल्या लिटरमध्ये (शी-शू शोषून घेणाऱ्या दाण्यांत) कुंडीतली मूठभर माती मिसळली की बाहेर मातीत जाण्याची सवय असलेले मांजर ट्रे लवकर ओळखते. जवळ जमिनीवर बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, नजर मिळालीच तर सावकाश डोळे मिटून उघडावेत. मांजरेही ओळखीच्या माणसाकडे तसेच पाहतात. रात्री घरातले झोपले की ते खोलीभर फिरून कोपरे हुंगते, आणि एका सकाळी ताटली वाजताच आपणहून बाहेर येते. घरात आधीचे मांजर असेल तर नव्याला सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे. बंद दारापलीकडून वास ओळखीचा होतो आणि रोगही पसरत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडक्यांना जाळी आधीच बसवून घ्यावी.

खाण्याबाबत मराठी घरात बदलायला हवे ते दूधपोळी आणि दूधभात. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते मांसमासळीतूनच मिळते. ते कमी पडले की दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. शाकाहारी कुटुंबांनी मांजर घेण्याआधी याचा प्रामाणिक विचार करावा. स्वतः मांस न शिजवता पाकिटातले पूर्ण खाद्य देणे हा त्यांच्यासाठी व्यवहार्य मार्ग आहे. कोकणात आणि गोव्यात माशाची डोकी घालतात, पण तेवढ्यावर भागत नाही, आणि शिजवलेली काटेरी हाडे घशात अडकतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा विषारी ठरतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांसाठीच्या ज्या औषधांत परमेथ्रिन असते, तीही मांजराला लावू नयेत.

पहिल्या तपासणीत जंत, पिसवा, कानातले किडे आणि नायटा पाहतात. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य रोग म्हणजे भटक्या पिल्लांचा काळच. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने देतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘बैलघोडा’, पिढ्यान्‌पिढ्या अशा मांजरांचा आधार आहे. शू करताना कण्हणारा, ट्रेमध्ये वारंवार बसूनही थेंब न पडणारा बोका त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावा. मूत्रमार्ग बंद झाल्यास तो एक-दोन दिवसांत दगावतो.

मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. ‘निर्बीजीकरणाआधी एक वेत होऊ द्यावे’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. शस्त्रक्रिया झालेला बोका भांडणे आणि भिंतींवर फवारे मारणे बहुधा कमी करतो.

घरात बाळ येणार म्हटल्यावर मांजर बाहेर काढण्याचा आग्रह धरला जातो. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती त्यामागे असते. बाधित मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी बहुधा आयुष्यात एकदाच, काही आठवडे बाहेर पडतो, आणि विष्ठेतला अंश संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज दुसऱ्या कोणी साफ केला, मांजराला कच्चे मांस घातले नाही आणि घरातल्यांनी मांस नीट शिजवून खाल्ले, तर मांजर सोडण्याची गरज उरत नाही. नको झालेले मांजर पोत्यात घालून लांब सोडून येण्याचा प्रकार तर सरळ क्रूर आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, इतका तुटपुंजा आहे की तो वाढवण्याची प्राणिप्रेमींची मागणी रास्त म्हणावी लागते. पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक केली असून त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो.